सहाव्या प्रकरणातली म्हातारी

माझी सरोजाअत्या पुस्तकं वाचत नाही, त्यांच्यावर डूख धरते. मराठी, तमिळ, इंग्रजी, हिंदी, हाती पडेल ते वाचते आणि वाचून झालं की चिडते. कुरियरवाला आठवड्याला एक तरी कादंबरी तंजावरच्या मेलवीथीतल्या तिच्या ओसरीवर टाकून जातो आणि जाताना विचारतो, "मागची कशी होती, मॅडम?" एकदाही तिच्या तोंडून "बरी होती" असं त्याने ऐकलेलं नाही. तरी तो विचारतो. मला वाटतं, त्याला शिव्या ऐकायला आवडतात.

शिव्या ऐकण्यासारख्याच असतात. कॉलेजातून नुकत्याच सुटलेल्या पोरांनी लिहिलेल्या, विमानतळावर ढिगाने विकल्या जाणाऱ्या इंग्रजी कादंबऱ्यांविषयी ती म्हणते, "मुलगा बँकेत नोकरीला. त्याला नोकरी नको, त्याला लिहायचंय. आणि लिहितो काय? एक मुलगा, बँकेत नोकरीला, त्याला नोकरी नको." तमिळ रहस्यकथांविषयी तिचं मत असं, की खून पहिल्या पानावर होतो आणि अक्कल शेवटच्या पानापर्यंत येत नाही. मराठी ऐतिहासिक कादंबऱ्यांना तिच्या घरी एकच मान आहे. जाडजूड असतात म्हणून त्या लिंबाच्या लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून बसतात. "चारशे पानांत एकाचंही पोट बिघडत नाही. अस्के भाषणं करतात," असं ती म्हणते. अस्के म्हणजे आमच्या बोलीत सगळे.

पण तिचा खरा राग आहे तो पुण्या-मुंबईच्या नव्या प्रेमकथांवर. त्यांतली नायिका बाल्कनीत उभी असते आणि हातात काफीचा मग असतो.

"दोन्ही हातांनी धरतात ह्या मग," अत्या सांगते, "आणि काफी थंड होईस्तवर विचार करतात. जिला काफी गरम असताना प्यायची अक्कल नाही, तिच्या लग्नाचं काय झालं हे मला कशाला सांगता?"

अत्या एका मुलींच्या शाळेत हिंदी शिकवायची. आम्ही तंजावरचे मराठी. तीनशेहून जास्त वर्षं इथे आहोत, घरात मराठी बोलतो, पण वाचायची वेळ आली की तमिळ वाचतो. देवनागरी येणारी माणसं आमच्यात शोधून काढावी लागतात. अत्याने हिंदीच्या परीक्षा दिल्या, त्यात लिपी हाती लागली, भाषा घरचीच होती, आणि एके दिवशी तिच्या लक्षात आलं की आपल्याला मराठी पुस्तक वाचता येतंय. मला तिनेच शिकवलं, कान पिळून. मी विम्याच्या कचेरीत नोकरी करते, चाळिशी ओलांडली आहे, आणि अजून मोठ्याने वाचताना माझा हात आपोआप कानाकडे जातो.

लग्न तिने केलं नाही. का, असं विचारलं तर म्हणायची, "बघायला आलेल्यांना मी विचारायची, काय वाचता? एकाने सांगितलं, रेल्वेचं टाइमटेबल. तोच त्यांतला बेस होता."

निवृत्त झाल्यावर तिने रविवारचं वाचन सुरू केलं. दुपारी चारला ओसरीवर चटई, प्रत्येकाला डवऱ्यात, म्हणजे खोलगट वाटीत, काफी, आणि अत्या खुर्चीत बसून मराठी कादंबरीचं एक प्रकरण मोठ्याने वाचणार. नियम कडक होते. मधे बोलायचं नाही. मत फक्त शेवटी, आणि तेही आधी तिचं. तिचं मत संपेपर्यंत बहुधा अंधार पडायचा, त्यामुळे बाकीच्यांना मत द्यायची वेळ क्वचितच यायची. वाचताना एक शब्द गाळलेला तिला खपायचा नाही. मी एकदा तिच्याऐवजी वाचत असताना सूर्यास्ताचं वर्णन उडवलं, तर सगळ्यांसमोर म्हणाली, "तुझ्या बापाचं आहे का पुस्तक? रद्दी असली तरी लिहिणारीची स्वतःची रद्दी आहे. अस्कं वाच."

हे वाक्य लक्षात ठेवा. माझ्या तर चांगलंच लक्षात राहिलं.

ऐकायला येणारी माणसं ठरलेली. वीजमंडळातून निवृत्त झालेले अनिरुद्धराव, जे झोपायचे आणि प्रेमाचा प्रसंग आला की बरोबर जागे व्हायचे. गणित शिकवणारी भवानी, जिला प्रत्येक कादंबरी आवडायची आणि म्हणून अत्या जिचा मनापासून तिरस्कार करायची. आणि तीन घरं सोडून राहणाऱ्या वेंकूबाई, वय ब्याऐंशी, चटईवर बसणं जमत नाही म्हणून स्वतःचा पाट घेऊन येणाऱ्या.

वेंकूबाईंविषयी एक गोष्ट सांगायला हवी. त्या कुणालाही जेवायला बसवलं की समोर पाट टाकून बसतात आणि जेवणाऱ्याच्या प्रत्येक घासाबरोबर त्यांचं तोंड हलतं. तोंडात दात नाही, घास नाही, पण जबडा चालू. त्यांना ते ठाऊकही नव्हतं. आमच्या मेलवीथीत निम्मी माणसं त्या तोंडासमोर जेवून मोठी झाली आहेत. माझी आई आजारी होती तेव्हा मी रोज शाळेतून त्यांच्याकडे जायची. आमच्यापैकी कुणी त्यावर कधी बोललं नाही.

काही वर्षांपूर्वी पुण्याहून नंदिता नावाच्या कादंबरीकार बाई आल्या होत्या. नावाजलेल्या, फार खपणाऱ्या. त्यांना तंजावरच्या मराठी माणसांवर कादंबरी लिहायची होती. आमच्या समाजाच्या मंडळाचे चिटणीस व्यंकोजी यांनी त्यांना वेंकूबाईंकडे उतरवलं. बाई चार दिवस राहिल्या. आल्या आल्या सांबाराविषयी विचारलं, ते तंजावरच्या मराठ्यांनी शोधलं म्हणतात ते खरं का. महाराष्ट्रातून येणारा प्रत्येक पाहुणा पाय धुवायच्या आत सांबाराविषयी विचारतो, जणू आमच्या पूर्वजांनी इथे येऊन तेवढंच केलं. वेंकूबाईंनी त्यांना काय काय करून घातलं त्याला हिशेब नाही. डांगर पचडी तर रोज, कारण पाहुणीने पहिल्या दिवशी दोनदा मागून घेतली. उडदाचं भाजकं पीठ दह्यात कालवून करतात ती. जाताना आईच्या वेळचं हिरवं लुगडं दिलं. "लेक असती तर तिला दिलं असतं," असं म्हणून दिलं.

मागच्या वर्षी ती कादंबरी आली. नाव होतं 'तिथल्या घाटावर मी'. अत्या नाव वाचूनच भडकली. "तिथल्या म्हणजे कोठल्या? चार दिवस फुकट जेवली, गावाचं नाव घ्यायला काय झालं?" पण वेंकूबाईंचा आनंद मावत नव्हता. देवळात, दुकानात, तिरुवैयारुच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलासुद्धा त्या सांगत होत्या की एक पुस्तक आहे, ते माझ्या घरात सुरू झालं. रविवारी पहिल्यांदाच त्या वेळेआधी येऊन बसल्या.

पहिलं प्रकरण अत्याने नेहमीसारखं वाचलं. नायिका पुण्याची, मन मोडलेली, हातात मग. अत्याने तिला शेवटी मनसोक्त झोडपलं. दुसऱ्या प्रकरणात नायिका तंजावरात एका म्हातारीकडे उतरते. म्हातारीचं नाव अंबूआजी. मी अत्याच्या खुर्चीशेजारीच बसले होते आणि माझी नजर पानावर होती.

अत्याने वाचलं, "अंबूआजी माझ्यासमोर येऊन बसल्या. त्यांच्यासमोर जेवताना मला प्रथमच कळलं, की आपल्याला इतके दिवस किती भूक लागली होती."

पानावर छापलेलं होतं, "अंबूआजींचं बोळकं तोंड माझ्या प्रत्येक घासाबरोबर हलत होतं. मला आमच्या गावाकडच्या रवंथ करणाऱ्या म्हशीची आठवण झाली आणि मी मोठ्या मुश्किलीने हसू दाबलं."

मी दचकून अत्याकडे पाहिलं. तिचा आवाज जराही हलला नव्हता. समोर वेंकूबाई लाजून पदराशी चाळा करत होत्या. "मीच ती," त्या भवानीला कुजबुजल्या. नियम मोडला होता, पण अत्या पुढे वाचत राहिली.

त्या दिवशी सगळे गेल्यावर मी पुस्तक ओढून घेतलं आणि वाचून काढलं. पानापानावर अंबूआजी होत्या आणि पानापानावर त्यांची थट्टा होती. त्यांचं बोलणं विनोदी, त्यांचं मराठी मोडकं, प्रत्येक वाक्याला "अय्यो". सहाव्या प्रकरणात त्या झोपेतच मरतात, म्हणजे नायिकेला घाटावर जाऊन रडता यावं आणि तिथे नायक भेटावा. शेवटी लग्नात नायिका अंबूआजींचं हिरवं लुगडं नेसते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कादंबरी वाईट असती तर परवडलं असतं. पण बाईंना लिहिता येत होतं. म्हैस डोळ्यांसमोर उभी राहत होती.

"अत्या, तू वाचलंस ते पुस्तकात नाही," मी म्हटलं.

"डोळे आहेत मला."

"शब्द गाळायचा नाही म्हणायचीस."

"मग तू सांग, काय वाचू? म्हैस वाचू?" तिने पुस्तक माझ्या हातातून हिसकावलं. "त्या बाईने वेंकूबाईंचं अन्न खाल्लं, आता वेंकूबाईंनाच खात्ये. हे त्यांना कळता कामा नये, गायत्री. कुणालाच कळता कामा नये. लिपी इथे दोघींनाच येते. तू तोंड उघडलंस तर याद राख."

मी तोंड उघडलं नाही. आणि मग सहावं प्रकरण आलं. अत्या थांबली, पाणी प्याली, आणि छापलेल्या मरणावरून पुढे निघून गेली. तिच्या वाचनात अंबूआजी मेल्या नाहीत. सकाळी उठल्या, काफी घेतली, नायिका कुठे दिसेना म्हणून शोधत घाटावर गेल्या आणि तिथे रडत बसलेल्या त्या पुण्याच्या मुलीला म्हणाल्या, "रडायला तुला आमचाच घाट सापडला? तुमच्या गावात नळ नाहीत? चल घरी. भूक लागल्यावर माणसाला अस्कं जग वाईट दिसतंय. आधी जेव, मग बघू तुझा तो किती वाईट आहे ते."

अनिरुद्धराव जागे होते. प्रेमाचा प्रसंग नसताना जागे होते. भवानीने डोळे पुसले. वेंकूबाई मान हलवत म्हणाल्या, "बरोबर बोललीहे ती. मी पण असंच सांगितलं असतं."

पुढचं प्रत्येक प्रकरण अत्याला आठवडाभर बसून रचावं लागलं. जिवंत म्हातारीला रोज काही ना काही काम द्यावं लागतं. अंबूआजींनी नायकाला आधी हाकललं, मग जेवायला बोलावलं. लुगडं कुणाला दिलं नाही, स्वतः नेसून लग्नाला गेल्या. पुस्तक रंगत गेलं आणि त्याबरोबर अत्याचा संताप वाढत गेला, कारण श्रेय सगळं नंदिताबाईंना जात होतं. भवानी म्हणायची, "काय लिहित्ये ही बाई! माणसाचं मन कसं कळतंय हिला!" अत्या दात आवळून काफी गाळायची. आयुष्यात प्रथमच तिच्या ओसरीवर एका कादंबरीला सगळ्यांनी चांगलं म्हटलं होतं, आणि तिला त्यावर एक शब्द बोलता येत नव्हता.

नव्या वर्षात, पोंगल झाल्यावर, व्यंकोजींनी बातमी आणली. नंदिताबाई येणार आहेत, पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली आहे, मंडळाच्या सभागृहात सत्कार करू. अत्या त्यांच्या अंगावर धावून गेली. हॉलचं छप्पर गळतंय म्हणाली. गळत नव्हतं. बाईंना उन्हाचा त्रास होईल म्हणाली. मग वेंकूबाईंकडे जाऊन त्यांना सांगितलं की कार्यक्रम रद्द झाला. वेंकूबाई तेव्हा उडीद भाजत होत्या. "रद्द झाला तर झाला," त्या म्हणाल्या, "ती गावात आहे ना? मी डबा घेऊन जात्ये."

गेल्याच. पहिल्या रांगेत बसल्या, मांडीवर पचडीचा स्टीलचा डबा. नंदिताबाई आल्या, रेशमी साडी, हसरा चेहरा. वेंकूबाईंना पाहिलं आणि दोन्ही हात पसरून म्हणाल्या, "अय्या, माझी अंबूआजी!" सभागृहात टाळ्या पडल्या. वेंकूबाईंनी डबा दिला. बाईंनी तो टेबलावर हारांशेजारी ठेवला.

भाषण झालं, शाल झाली, आणि व्यंकोजींनी विचारलं की कुणाला काही बोलायचंय का. अत्या माझ्या शेजारी होती. तिने वेंकूबाईंचा पदर मागून धरला होता, खरंच धरला होता, पण त्या उठल्याच.

"मुली," वेंकूबाई म्हणाल्या, "बेस लिहिलंस तू. घाटावर ती म्हातारी त्या पोरीला ओरडत्ये ना, आधी जेव म्हणून, ते मला फार आवडलं. घरी येऊन रोज आठवत्ये मी."

नंदिताबाईंनी हसतच मान वाकडी केली. "घाटावर? नाही हो आजी, तुमचा काहीतरी गोंधळ होतोय. अंबूआजी घाटावर कशी असेल? ती तर सहाव्या प्रकरणातच जाते."

"कोठे जात्ये?"

"म्हणजे... वारते ती. वाचकांना तोच प्रसंग सगळ्यात आवडतो. पत्रं येतात मला."

व्यंकोजी हलक्या आवाजात वयाबद्दल काहीतरी बोलले. पण भवानी उभी राहिली. "वयाचं काय? आम्ही अस्क्यांनी ऐकलंय. लग्नात हिरवं लुगडं नेसून येत्ये ती."

"लुगडं तर नायिका नेसते," बाई म्हणाल्या. आता त्यांचं हसू गेलं होतं. "तुम्ही नक्की कोणतं पुस्तक वाचलंत?"

"मेली?" वेंकूबाई अजून उभ्याच होत्या. "कशाने मेली? आणि आधी काय काय केलं तिने?"

बाई उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात अत्या उठली. शाळेतल्या वर्गाला गप्प करणारा तिचा आवाज मी बऱ्याच वर्षांनी ऐकला.

"मी बदललं," ती म्हणाली. "पुस्तक भिकार होतं. वाचताना कंटाळा आला, म्हणून मनचं वाचलं. ह्यांना काय कळतंय? पोदुम, पुरे. झालं ना आता? काफी वाटा."

नंदिताबाईंचा चेहरा लाल झाला. "माझ्या पात्राला हात लावायचा तुम्हाला काय अधिकार होता?"

"आणि तुम्हाला?" अत्या म्हणाली.

ह्याचा अर्थ त्या सभागृहात दोघींनाच कळला, मला आणि नंदिताबाईंना. बाईंची नजर क्षणभर वेंकूबाईंकडे गेली आणि लगेच व्यंकोजींकडे वळली. गाडी आली आहे का, असं त्यांनी विचारलं. डबा टेबलावर राहिला तो राहिलाच.

बाकीच्यांना एवढंच कळलं की सरोजाबाईंनी आपल्याला फसवलं. अनिरुद्धराव दारात तिला म्हणाले, "सरोजाबाई, तुमच्यापेक्षा टीव्हीवरची सीरियल बरी. ती खोटी आहे हे निदान ठाऊक असतं." भवानीने तर तोंडच फिरवलं. आमच्या अडाणीपणावर हसत बसली असेल घरी, असं ती व्यंकोजींना म्हणाली, मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. वेंकूबाई अत्याकडे न बघता, काठी टेकत, एकट्या गेल्या. टेबलावरचा डबा अत्याने पिशवीत घातला आणि घरी आणला.

पुढच्या रविवारी तिने चटई घातली. काफी केली. कुणी आलं नाही. तिने चारचे साडेपाच होऊ दिले, मग वर्तमानपत्र उघडलं आणि त्यातल्या पुस्तक-परीक्षणाला इतक्या शिव्या घातल्या की रस्त्यावरचा फुलवाला थांबून बघायला लागला. त्याच्या पुढच्या रविवारी चटई घातली नाही. कुरियरवाल्याने विचारलं, "मागची कशी होती, मॅडम?" तर म्हणाली, "बरी होती." मला त्या दिवशी खरी भीती वाटली.

"कारण सांगून टाक ना त्यांना," मी भांडले.

"कारण सांगायचं होतं तर लपवलं कशाला? अक्कल आहे का तुला?"

"मग बस अशीच."

"बसत्ये."

मी तिच्यावर चिडले होते, त्या मंडळींवर तर त्याहून जास्त. इतकी वर्षं फुकट काफी पिऊन, तिच्या जिवावर मराठी ऐकून, एका दिवसात पाठ फिरवली. अत्या तोंडाळ आहे, मान्य. पण तिने कुणाला कधी उपाशी परत पाठवलेलं नाही आणि कुणाची म्हैस केलेली नाही.

आणि मग बसस्टँडवर मला भवानी भेटली. मी तिला टाळून पुढे निघाले होते, तिने हात धरला. तिचे डोळे सुजलेले होते. तिने फोनवर पुस्तकं वाचून दाखवणारं ॲप घेतलं होतं. त्यात 'तिथल्या घाटावर मी' होती, पुण्याच्या कुणा नटीच्या आवाजात. रविवारी वेंकूबाईंकडे सगळे जमून तीच ऐकत होते. आता खरं पुस्तक ऐकू, असं म्हणून.

"दुसऱ्या प्रकरणात ते आलं," भवानी म्हणाली. "म्हैस. त्या नटीने आवाज काढलाय गं, अय्यो अय्यो करून, बोळक्या तोंडाचा. अनिरुद्धरावांनी चटकन बंद केलं. वेंकूबाई म्हणाल्या, राहू दे, पुढे काय आहे ते लाव. सहाव्यापर्यंत ऐकलं त्यांनी. अस्कं. पावम, बिचाऱ्या पाट उचलून आत गेल्या." मग ती रडायलाच लागली. "सरोजाबाईंना हे पहिल्यापासून ठाऊक होतं ना?"

"आम्हा दोघींनाही ठाऊक होतं," मी म्हटलं आणि बस पकडली. तिला समजवायची मला मुळीच इच्छा झाली नाही.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी वेंकूबाई आमच्याकडे आल्या. एकट्या, हातात पाट नाही. ओसरीच्या पायरीवर उभ्या राहिल्या.

"माझा डबा," त्या म्हणाल्या.

अत्या खुर्चीतून उठली नाही. "आत आहे. घासून ठेवलाहे."

"पचडी?"

"मी खाल्ली."

"कशी होती?"

"मीठ जास्त."

वेंकूबाईंनी मान हलवली. मी डबा आणून दिला, तरी त्या निघाल्या नाहीत. डबा छातीशी धरून म्हणाल्या, "माझं तोंड तसं हलतंय?"

अत्याने खोटं बोलावं असं मला फार वाटलं. इतकं रचलं होतं, आणखी एक वाक्य काय जड होतं? पण ती म्हणाली, "हलतंय."

"कधीपासून?"

"मला आठवतंय तेव्हापासून."

"अस्क्यांना ठाऊक आहे?"

"अस्के जेवलेहेत तुमच्याकडे."

वेंकूबाईंनी डबा खाली ठेवला. "काल नातू आलाय चेन्नईहून," त्या म्हणाल्या. "जेवायला वाढलं आणि मी भिंतीकडे तोंड करून बसले. तो विचारतोय, आजी, रागावलीस का? काय सांगू त्याला? आता कुणासमोर बसायची लाज वाटत्ये मला."

अत्या उठली. तिचा चेहरा मी ओळखते, वर्गात कुणाला उभं करायच्या आधी असा होतो. "गायत्री," ती म्हणाली, "मला दहीभात आण."

दुपारचे चार वाजले होते आणि ती व्यवस्थित जेवलेली होती. पण मी भात आणला, बाजूला लिंबाचं लोणचं घातलं. अत्याने स्वतःच्या हाताने आमचा पाट वेंकूबाईंसाठी टाकला, समोर ताट घेऊन बसली आणि म्हणाली, "बसा."

त्या बसल्या, पण तोंड खांबाकडे वळवून.

"इकडे बघा."

वेंकूबाई वळल्या. पदराचा बोळा करून त्यांनी तोंडावर घट्ट धरला होता. अत्याने घास उचलला, तोंडाशी नेला आणि तसाच धरून ठेवला.

"हात काढा तो," ती म्हणाली. "माझी आई गेली तेव्हा तुमच्यासमोर बसून मी पहिला घास गिळला. त्याआधी गिळवतच नव्हता. त्या भवानीला, ह्या गायत्रीला, कुणालाही विचारा. त्या बयेला म्हैस दिसली, कारण तिला कधी भूक लागलेली नाही. हात काढा, वेंकूबाई. माझा हात दुखतोय."

बऱ्याच वेळाने पदर खाली आला. अत्याने घास तोंडात घातला. वेंकूबाईंचं तोंड हललं, आधी बिचकत, मग नेहमीसारखं. अत्याने ताट रिकामं केलं.

हात धुऊन अत्या आत गेली आणि लोणच्याच्या बरणीवरून पुस्तक काढून आणलं. सत्काराच्या दिवसापासून ते तिथेच होतं. त्याला लिंबाचा आणि हळदीचा वास येत होता.

"सहाव्यात मेलीहे ती," वेंकूबाई म्हणाल्या. "तिला उठव."

"मधे बोलायचं नाही," अत्या खेकसली. तिने चष्मा लावला, पान काढलं, छापलेल्या मरणावर बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचलं, "अंबूआजी उठून बसल्या आणि म्हणाल्या, माझा डबा कोठे आहे?"